रो काउंट जुळला, बेरीज जुळेना

मी मुळात डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा. बॅकअप, इंडेक्स, मध्यरात्री अडकलेला जॉब मारून पुन्हा चालू करणं, यात चौदा वर्षं गेली. त्यामुळे कंपनीचे सगळे डेटाबेस क्लाउडवर एकाच ठिकाणी न्यायचं ठरलं तेव्हा मला आधी स्वतःच्या खुर्चीची काळजी वाटली. टेबलांची काळजी नंतर सुरू झाली आणि ती मात्र अकरा महिने पुरली.

आमच्याकडे तीन डेटाबेस होते. ऑर्डर आणि बिलिंग एसक्यूएल सर्व्हर २०१४ वर, गोदामाचा साठा ओरॅकलवर आणि वेबसाइटच्या मागे मायएसक्यूएल. रोज रात्री लिंक्ड सर्व्हर (एका सर्व्हरवरून दुसरा डेटाबेस वाचायची सोय) आणि मूठभर स्क्रिप्टांच्या जोरावर हे सगळं एका रिपोर्टिंग डेटाबेसमध्ये ओतलं जायचं. तो रिपोर्टिंग डेटाबेसही एसक्यूएल सर्व्हरच. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा एक्स्टेंडेड सपोर्ट ९ जुलै २०२४ ला संपला आणि ज्या कामाला तीन वर्षं बजेट मिळत नव्हतं त्याला ते आठवड्याभरात मिळालं. निवड मायक्रोसॉफ्ट फॅब्रिकची झाली, डेटा साठवण्यापासून रिपोर्टपर्यंत सगळं एकत्र देणाऱ्या क्लाउड सेवेची. निवडीच्या बैठकांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मायक्रोसॉफ्टचंच रिपोर्टचं टूल पॉवर बीआय आधीपासून सगळीकडे होतंच, त्यामुळे निकाल पहिल्या बैठकीआधीच लागलेला होता.

फॅब्रिकमध्ये सगळा डेटा वनलेक नावाच्या एका साठ्यात राहतो. पार्के नावाच्या प्रकारातल्या, कॉलमवार साठवलेल्या फाइली आणि त्यांच्यावर डेल्टाचा लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही. स्पार्क या डेटा इंजिनवर चालणारी कोडची नोटबुक असो, एसक्यूएल असो की पॉवर बीआय, सगळे त्याच फाइली वाचतात. ओळी-ओळीने साठवणाऱ्या डेटाबेसात वाढलेल्या माणसाला कॉलमवार साठवण समजायला दोन दिवस लागतात, पटायला दोन महिने. मला जास्त जड गेलं ते दुसरंच. तिथे प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची दुसरीला नसलेली ओळख, नावापुरती असते. फॅब्रिकच्या वेअरहाऊसमध्ये (एसक्यूएलने लिहायची टेबलं) ती लिहितानाच 'नॉट एन्फोर्स्ड', म्हणजे सक्ती नाही, असं लिहून द्यावं लागतं आणि लेकहाऊसमध्ये (स्पार्कने लिहायची टेबलं) तर तेवढंही नाही. पहिल्याच आठवड्यात आमची एक पाइपलाइन, म्हणजे डेटा वाहून नेणारा जॉब, अर्ध्यावर पडली, रिट्राय झाली आणि मी सेटिंग अपेंडवर (आहे त्याच्या खाली जोडत जा) ठेवलेलं असल्यामुळे अर्ध्या ओळी दोनदा बसल्या. सगळे टिक हिरवे. जुन्या सर्व्हरने अशा वेळी लाल अक्षरात माझ्या अंगावर ओरडून सांगितलं असतं. त्या ओरडण्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

असो. आधी यादी. तीन डेटाबेसांत मिळून ४१२ टेबलं निघाली आणि सगळ्यांचं मत पडलं की निम्मी तर मेलेलीच असतील. मेलेली कोणती हे शोधायला मी इंडेक्स वापराचा डीएमव्ही, म्हणजे सर्व्हर स्वतःच ठेवतो ती नोंद, काढला. शेवटचं कधी कोणी वाचलं ते त्यात दिसतं. पण ती माहिती सर्व्हर रीस्टार्ट झाला की पुसली जाते. आमचा सर्व्हर सात महिन्यांपूर्वी रीस्टार्ट झाला होता. म्हणजे वर्षातून एकदाच हात लागणारं टेबल त्या यादीत मेलेलं दिसणार. हे मला माहीत होतं, डीबीएला माहीतच असतं. तरीही यादी एक्सेलमध्ये गेली, एक्सेलचा रंगीत तक्ता झाला आणि तक्त्यावर 'वापरात नाही' असा शिक्का बसला. वर्षअखेरीच्या मोजणीचं टेबल त्यातच होतं. अकाउंट्सच्या मॅडमनी यादी वाचता वाचता बोट ठेवलं, म्हणाल्या, "अहो, हे काढलंत तर ऑडिटला मी काय दाखवू?" तेव्हापासून कुठलंही टेबल गाळायचं असेल तर डीएमव्हीच्या जोडीला एका माणसाचं नाव लागायचं, असा नियम मीच केला.

इतिहासाची प्रत न्यायचं काम त्या मानाने सोपं गेलं. आमचे सर्व्हर क्लाउडला जोडणारा गेटवे बसवला, कॉपीच्या पाइपलाइन लावल्या, मोठी टेबलं वर्षावर्षाच्या तुकड्यांत तोडली. या भागातली एकच गोष्ट सांगतो, कारण ती माझीच चूक होती. फॅब्रिकमध्ये कपॅसिटी, म्हणजे कामं चालवायची ठरावीक ताकद, विकत घ्यायची असते आणि लोड, नोटबुक, रिपोर्ट असं सगळं तिच्यातूनच खर्च होतं. बॅकग्राउंड कामाचा खर्च एकदम न लावता पुढच्या चोवीस तासांवर पसरतात, त्याला स्मूदिंग म्हणतात. वाचताना हे फार उदार वाटतं. मी एका रात्रीत सहा वर्षांचा इतिहास स्पार्कमधून ढकलला, पहाटे चारला सगळं संपलं आणि समाधानाने झोपलो. सकाळी नऊला रिपोर्ट उघडेनात. नियम असा की उधारी पुढच्या दहा मिनिटांच्या कपॅसिटीपेक्षा जास्त झाली की रिपोर्टसारख्या इंटरॅक्टिव्ह कामांना वीस सेकंद थांबवतात, तासाभराच्या पुढे गेली की ती नाकारतात आणि चोवीस तासांच्या पुढे गेली की बॅकग्राउंड कामंही बंद. काम रात्री संपलं होतं, त्याची उधारी दिवसभर फेडणं चालू होतं. इतिहासासाठी वेगळी कपॅसिटी घेऊन ती काम झाल्यावर बंद करायला हवी होती. पुढच्या तुकड्यापासून तसंच केलं.

मग आले डेटाटाइप. इथे प्रत्येक डेटाबेसची एकेक खोड बाहेर पडते. ओरॅकलमध्ये रिकामी स्ट्रिंग (मजकूर) म्हणजे नल, 'मूल्यच नाही'. बाकी दोघांत नाही. मायएसक्यूएलमध्ये सगळी शून्यं असलेली तारीख खपून गेलेली, जी दुसरीकडे कुठेच तारीख म्हणून चालत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तारखेच्या जागी रिकामी स्ट्रिंग टाकली की तो मुकाट्याने १ जानेवारी १९०० लिहून ठेवतो. आमच्या डिलिव्हरीच्या टेबलात अशा हजारो ओळी होत्या; जो माल पोचलाच नव्हता तो १९०० साली पोचलेला.

या १९०० वाल्या ओळींनी आमची एक संध्याकाळ खाल्ली. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणायच्या असं ठरलं होतं. आमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे, त्यामुळे १ जानेवारी १९०० ची मध्यरात्र यूटीसीत ३१ डिसेंबर १८९९ झाली. आणि स्पार्क ३ हा १९०० च्या आधीचा टाइमस्टँप (तारीख आणि वेळ एकत्र) पार्केमध्ये लिहायला तयार होत नाही. जुनं कॅलेंडर धरू की नवं, हे आधी सांगा म्हणतो. नुसत्या तारखांसाठी त्याची सीमा आहे १५ ऑक्टोबर १५८२, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झालं तो दिवस. टीममधली ज्युनियर मुलगी एररचा मजकूर मोठ्याने वाचत होती. पंधराशे ब्याऐंशीला आली तशी थांबली आणि म्हणाली, "सर, आपलं डिलिव्हरीचंच टेबल आहे ना हे?" सेटिंग बदलून गप्प बसवता आलं असतं. आम्ही तसं केलं नाही, त्या ओळींत नल घातला. १९०० हा कोणाचाच खरा डेटा नव्हता.

बेरजेचा पहिला घोळही टाइपमुळेच झाला. ओरॅकलमधला एक नंबर कॉलम, ज्याला प्रिसिजन (एकूण किती अंक) दिलेलीच नव्हती, मॅपिंग करताना आम्ही डबल, म्हणजे आकडा जवळपास साठवणारा फ्लोट, म्हणून घेतला. त्या कॉलमची बेरीज दोनदा चालवली तर शेवटचे अंक दोनदा वेगळे. दशांश अपूर्णांक फ्लोटमध्ये नेमके बसत नाहीत, आणि स्पार्क बेरीज अनेक तुकड्यांत करतो. तुकडे कोणत्या क्रमाने एकत्र येतील ते दर वेळी सारखं नसतं. फरक नगण्य. पण "आकडा दर वेळी थोडा बदलतो" हे वाक्य अकाउंट्समध्ये उच्चारून बघा. कॉलम डेसिमल १८,४ (नेमके चार दशांश) केला आणि विषय मिटला.

इतिहास नेल्यावर रोजचे बदल नेणं आलं, आणि खरं काम तिथून सुरू झालं. पहिली पद्धत सगळे करतात तीच: प्रत्येक टेबलात 'मॉडिफाइड ऑन' कॉलम आहे, मागच्या वेळेनंतरच्या ओळी उचला. दोन आठवडे छान चाललं. मग मी रोज रात्री जुन्या-नव्याची दिवसवार तुलना करणारी नोटबुक लावली. ओळी किती आणि रकमेची बेरीज किती, एवढंच तपासायचं. तिसऱ्या दिवशी एका जुन्या तारखेचा रो काउंट जुळला, बेरीज जुळेना. रो काउंट जुळणं म्हणजे जेवढी खोकी चढवली तेवढी उतरली, एवढंच. आत काय आहे ते कोणी पाहिलेलं नसतं. शोधत गेलो तर त्या दिवशीच्या ६१ बिलांचा कर दुरुस्त केलेला. कोणी केला? मीच. आठवड्यापूर्वी तिकीट आलं होतं, मी थेट सर्व्हरवर अपडेट मारली होती आणि 'मॉडिफाइड ऑन'ला हात लावला नव्हता. ते कॉलम भरायचं काम ॲप्लिकेशन करतं, डेटाबेस नाही. चौदा वर्षांत अशा किती अपडेट मारल्या असतील याचा हिशोब करण्यात अर्थ नव्हता.

डिलीटचंही तसंच. जी ओळ राहिलीच नाही तिची बदलाची वेळ वाचणार कुठून? नव्या बाजूला ओळी जास्त, जुन्या बाजूला कमी.

प्रत्येक बदल डेटाबेसनेच टिपून ठेवणारं चेंज डेटा कॅप्चर लावावं तर २०१४ मध्ये ते फक्त एंटरप्राइज एडिशनला होतं, स्टँडर्डला ते २०१६ च्या सर्व्हिस पॅक १ पासून मिळालं. आमचं स्टँडर्ड. उरलं चेंज ट्रॅकिंग, जे सगळ्या एडिशनला आहे. कोणत्या प्रायमरी कीची ओळ आली, बदलली किंवा गेली एवढंच ते सांगतं, पण आम्हाला तेवढंच हवं होतं. अट एकच, टेबलाला प्रायमरी की हवी. अडतीस टेबलांना ती नव्हती. त्यातली बरीचशी माझ्या काळात तयार झालेली. त्यांना की देण्यात तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत मी कोणाला डेटाबेस डिझाइनवर एक शब्द ऐकवला नाही.

चेंज ट्रॅकिंगने बदल लक्षात ठेवायची मुदत मुळात दोन दिवसांची असते. जोडून सुट्ट्या आल्या, गेटवेचं मशीन तीन दिवस बंद राहिलं, चौथ्या दिवशी पाइपलाइन सुरळीत धावली. मधले बदल पुसले गेले होते आणि एरर आली नाही; आपली शेवटची आवृत्ती अजून ग्राह्य आहे की नाही हे आधी आपणच विचारायचं असतं, आणि आम्ही विचारत नव्हतो. रात्रीच्या तुलनेच्या नोटबुकने पकडलं. मुदत चौदा दिवस केली, ग्राह्यतेची तपासणी पाइपलाइनच्या पहिल्या पायरीवर बसवली. नापास झालं तर ते टेबल पूर्ण नव्याने उचलायचं. त्या एका नोटबुकने आम्हाला जेवढं वाचवलं तेवढं बाकी सगळ्या टूलनी मिळून नाही. दीडशे ओळींचा कोड आहे, दिसायला अगदी ओबडधोबड.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती.

साठ्याच्या किमतीचा महिन्याचा रिपोर्ट हा आमच्याकडचा सर्वात जुना आणि सर्वात जास्त वाचला जाणारा रिपोर्ट. तो ऑर्डरच्या ओळी गोदामाच्या बॅच टेबलाशी मालाच्या कोडवर जोडतो. नव्या बाजूला चालवला तर २,३१४ ओळी गायब. एसक्यूएल सर्व्हरचं आमचं कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या तुलनेचे नियम, केस-इन्सेन्सिटिव्ह होतं, त्याला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच. शेवटची स्पेसही तो तुलनेत मोजत नाही. त्यामुळे ऑर्डर टाकणाऱ्यांनी वर्षानुवर्षं कोड कसाही टाइप केला तरी चालून गेलं. स्पार्क मात्र अक्षर न् अक्षर बघतो. कोडमागे एक स्पेस असली तरी त्याच्या लेखी तो दुसरा कोड.

उपाय सोपा. दोन्ही बाजूंना ट्रिम लावून कडेच्या स्पेस काढा, दोन्ही बाजू कॅपिटल करा, मग जोडा. लावला, चालवला, आणि आकडा जुन्या रिपोर्टशी शेवटच्या अंकापर्यंत जुळला. मागचे छत्तीस महिने तपासले, छत्तीसही जुळले. मॅडमनी सही केली. प्रोजेक्ट मॅनेजरने सगळ्यांना मेल टाकला. माझ्या मते सगळ्या मायग्रेशनमधला तो सर्वात चांगला दिवस होता, आणि दोन आठवडे तसाच राहिला.

जुना रिपोर्ट गटवार बेरीज दाखवायचा, त्याच्या आत शिरता यायचं नाही. नव्यात क्लिक केलं की वस्तूपर्यंत जाता यायचं. गोदामाचे काका, निवृत्तीला आलेले, कॉम्प्युटरशी जेवढ्यास तेवढं ठेवणारे, त्यांना कोणीतरी हे दाखवलं. त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. स्क्रीनवर एक ओळ होती, सीलबंद खोक्यांत येणाऱ्या एका सुट्या भागाची, साठा १८४. काका म्हणाले, "हा रॅक ब्याण्णवचा आहे. ब्याण्णवच्या वर एक खोकं ठेवलंस तर ते खाली पडेल."

१८४ म्हणजे ब्याण्णव दुणे. परत येऊन ओरॅकलमध्ये तो कोड काढला तर दोन निघाले. शेवटचं अक्षर एकाचं कॅपिटल के, दुसऱ्याचं स्मॉल के. मी काकांना विचारलं तर त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. कॅपिटल म्हणजे सीलबंद, स्मॉल म्हणजे परत आलेला आणि पुन्हा पॅक केलेला माल; गोदामात हे सगळ्यांना माहीत होतं. ओरॅकल दोन्ही अक्षरं वेगळी मानतं, त्यामुळे तिथे दोन वेगळ्या ओळी सुखाने नांदत होत्या. रात्रीच्या स्क्रिप्टने त्या रिपोर्टिंग डेटाबेसमध्ये आणल्या की त्या केस-इन्सेन्सिटिव्ह जॉइनमध्ये ऑर्डरची एकच ओळ दोन्ही बॅचना चिकटायची आणि दोनदा मोजली जायची. ते टेबल कच्चा माल म्हणून प्रायमरी कीशिवाय ठेवलेलं, त्यामुळे कोणी हटकलंही नाही. म्हणजे जुना रिपोर्ट चुकीचा होता. किती वर्षं, ते स्क्रिप्टच्या तारखेवरून कळत होतं: नऊ. आणि स्पार्कने त्या २,३१४ ओळी गाळल्या तेव्हा तो मला नेमकं हेच दाखवत होता. मी दोन्ही बाजू कॅपिटल करून त्याचं तोंड बंद केलं आणि जुनी चूक हुबेहूब नव्या जागी नेऊन बसवली.

दुरुस्ती करायला चार दिवस लागले. स्कॅनरने आलेल्या ऑर्डरींत अक्षर बरोबरच होतं. हाताने टाइप केलेल्यांत कोणता के हे कोडवरून कळत नव्हतं. त्यासाठी माल कोणत्या रॅकवरून उचलला तो कॉलम लागला, कारण पुन्हा पॅक केलेल्या मालाचे रॅक वेगळे. जिथे रॅकही लिहिलेला नव्हता अशा ४७ ओळी काकांनी जुन्या चलनांवरून एकेक सांगितल्या. सिल्व्हर थरात, म्हणजे साफ केलेल्या डेटाच्या थरात, एक छोटं मॅपिंग टेबल झालं, आणि सगळीकडे घातलेलं कॅपिटल करणं मी काढून टाकलं. जिथे खरंच गरज होती तिथेच, कारण लिहून, ठेवलं.

बाकी होतं ते मॅडमना सांगणं. आमची मान्यतेची कसोटी कागदावर स्पष्ट होती: नवा आकडा जुन्याशी जुळला पाहिजे. आता बरोबर आकडा दिला की कसोटी नापास. मी दोन्ही आकडे, काकांचा रॅक, ओरॅकलच्या दोन ओळी, सगळं छापून घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे वाचलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "मागची वर्षं बंद झालेली आहेत, त्यांना हात लावायचा नाही. पुढचं बरोबर द्या. आणि मधला फरक किती, कशामुळे, हे मला एका कागदावर हवं. तोंडी नको."

त्या कागदाची पुढे शीट झाली. नाव 'ज्ञात फरक'. रिपोर्टचं नाव, जुना आकडा, नवा आकडा, कारण, कोणी तपासलं, कोणी मान्य केलं, असे सहा कॉलम. के अक्षराची ओळ पहिली. त्याखाली कराची ६१ बिलं, १९०० ची डिलिव्हरी आणि बाकीचं. शेवटचा डेटाबेस हलला तेव्हा सतरा ओळी झाल्या होत्या. जुना सर्व्हर अजून रीड-ओन्ली करून ठेवलाय, कारण अकराव्या ओळीत 'कोणी मान्य केलं' हा रकाना रिकामा आहे. तो फरक वेबसाइटवरच्या परताव्यांचा आहे, आणि ते परतावे नक्की कोणत्या विभागाचे हे अजून ठरायचंय.